आठवडी बाजारापासून महाभांडारापर्यंत

मोठ्या दुकानदारीचा इतिहास आणि आपली तागडी



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात प्राथमिक शाळेत फळ्यासमोर गेलेली. तेव्हा विद्वानांच्या पंक्तीला बसण्याचा आमचा अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. तथापि गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक प्रसंग घडला, आणि त्या निमित्ताने जे वाचन व जो विचार झाला, तो ज्ञातीपुढे ठेवावा असे वाटले. कारण तो प्रश्न एकट्या आमच्या घरचा नव्हे. नांगर आणि तागडी या दोन साधनांवर जगलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांचा तो आहे.

प्रसंग असा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वडनेरच्या आमच्या दुकानात वहीपूजन झाले. हे दुकान आमच्या तीर्थरूपांनी घातले, पुढे थोरल्या बंधूंनी चालविले व आता त्यांचा मुलगा पाहतो. प्रसाद वाटून झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, दोन एकर गहाण टाकून हमरस्त्यावर मोठे मार्ट काढतो. लोकांना आता काच, दिवे आणि ढकलगाडी पाहिजे. या फळीवर बसून काही होणार नाही." बंधू गप्प राहिले. आम्हांसही तत्काळ उत्तर सुचले नाही. "एक महिना थांब, मग बोलू," एवढेच आम्ही म्हणालो. त्या महिन्यात मोठ्या दुकानदारीचा पूर्वेतिहास आम्ही जमेल तितका वाचून काढला. तो येथे संक्षेपाने देत आहोत.

वऱ्हाडचा बाजार प्रथम कोणी मोजला?

मोठ्या कंपन्या बाजाराचा अभ्यास करतात ही गोष्ट आपणांस आज नवी वाटते. वस्तुतः आपल्याच वऱ्हाडचा बाजार दीडशे वर्षांपूर्वी बारकाईने मोजला गेला होता. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपविला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस पोहोचेना, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला असे टप्पे घेत १८६७ साली नागपुरास पोहोचली. जलंबपासून खामगावपर्यंतचा छोटासा फाटा १८७० च्या मार्च महिन्यात खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉयने खामगावी यावे, यावरून त्या पेठेचे महत्त्व ध्यानात येते. राली ब्रदर्स, व्होलकार्ट ब्रदर्स अशा युरोपीय पेढ्यांची खरेदी वऱ्हाडच्या पेठांतून होऊ लागली आणि लिव्हरपूलचा भाव तारेने खामगावात येऊ लागला.

या सर्व घडामोडींत एक अधिकारी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिव्हेट-कार्नॅक हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस-कमिशनर होते. कापसाखाली जमीन किती, माल कोणत्या वाटेने जातो, गाडीभाडे किती पडते, बाहेरचे कापड किती येते, याची त्यांनी पद्धतशीर टिपणे केली. केवळ कापूस बाहेर नेणे हा त्यांचा हेतू नव्हता. आगगाडीचा फाटा झाला म्हणजे विलायती कापड इकडे स्वस्त येईल, येथील हातमागाच्या कापडास ते मागे टाकील, आणि सूत काढणारे व विणणारे हात मोकळे होऊन कापसाच्या शेतीकडे वळतील, असा हिशेब त्यांनी आपल्या अहवालात मांडला होता. याच सुमारास, १८७० साली, आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियरही प्रसिद्ध झाले.

वाचकहो, या घटनेकडे आपण नीट पाहावे. आपल्या गावात लुगडे कोण विणतो, ते कोण नेसते आणि किती दाम देते, हे एक परका मनुष्य कागदावर मांडीत होता. आणि ज्या कोष्ट्याच्या चुलीचा तो प्रश्न होता, त्यास त्या कागदाची वार्ताही नव्हती. राज्यसत्तेचे बळ त्या कागदामागे होते हे खरेच. परंतु ते बळ कोठे लावावयाचे हे कागदाने सांगितले. ज्यास बाजार मोजता आला त्याच्याकडे बाजार गेला. आमच्या मते पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

तागडीमागचे ज्ञान

मग आपल्या वाडवडिलांस बाजार कळत नव्हता काय? कळत होता, आणि फार उत्तम कळत होता. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, शेर-पायली मागे पडून किलो नुकताच रूढ झाला होता. गिऱ्हाईक शेर मागे आणि तीर्थरूप किलोच्या वजनांनी तोलून देत. दोहोंचा मेळ घालण्याचे काम आमच्याकडे असे. त्यामुळे अपूर्णांकांची भीती आम्हांस शाळेत कधी वाटली नाही. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, तेव्हा डिंक, खारीक व खोबरे लागणार. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा गूळ, डाळ व तेल किती लागेल. कोणाचा कापूस कोणत्या आठवड्यात गाडीवर चढेल व उधारी केव्हा फिटेल, हे सारे तीर्थरूपांच्या मनात असे. पाऊस ओढला की ते मालाची भरती आखडती घेत. आज ज्यास मोठे शब्द वापरून ग्राहकाचा अभ्यास म्हणतात, तो त्यांच्या जिभेवर होता.

परंतु तो जिभेवरच राहिला. वहीत उधारी लिहिली जाई, विक्री लिहिली जात नसे. रोख गेलेल्या मालाची नोंद नाही. कोणता जिन्नस महिन्यात किती गेला, कोणता डबा वर्षभर फळीवर धूळ खात राहिला, याचा मेळ कधी घातला गेला नाही.

याच्या उलट दृश्य आम्ही त्याच दुकानात पाहिले. मोठ्या कंपन्यांचा माल खेड्यांत येण्याची परंपरा जुनी आहे. सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या होत्या आणि १९३७ साली डालडा आला. आमच्या लहानपणी अशाच एका कंपनीचा विक्रेता ठरल्या वारी येई. खिशातून चोपडी काढी, मागच्या खेपेस किती डबे दिले व आज किती उरले ते स्वतः मोजून लिही, शेजारच्या दुकानात कोणता माल पुढे मांडला आहे तेही टिपून घेई. तीर्थरूप त्यास चहा पाजीत आणि हसून म्हणत, "हा गडी आमच्यापेक्षा आमच्याच दुकानाची जास्त काळजी करतो." त्या विनोदात किती सत्य होते हे आम्हांस साठी उलटल्यावर उमगले. आमच्या दुकानाची विक्री आम्हांस ठाऊक नव्हती. मुंबईच्या कचेरीस मात्र ठाऊक होती.

समुद्रापलीकडील अनुभव

ही चोपडी पुढे कशी वाढत गेली हे समजण्यासाठी थोडे समुद्रापलीकडे जावे लागते. कारण दुकानदारीचे हे शास्त्र प्रामुख्याने अमेरिकेत घडले.

तेथे पूर्वी आपल्याप्रमाणेच दुकानदार फळीमागे उभा राही व मागितलेला जिन्नस काढून देई. १९१६ साली मेम्फिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स नामक गृहस्थाने 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढले व गिऱ्हाइकासच आत सोडले. ज्याने त्याने टोपलीत माल घ्यावा व दाराशी पैसे द्यावे. नोकर कमी लागले, भाव उतरले. आणि जो जिन्नस गिऱ्हाइकाच्या मनात नव्हता तो डोळ्यांसमोर आल्याने टोपलीत पडू लागला. कोणता माल कोठे मांडावा हा त्या दिवसापासून अभ्यासाचा विषय झाला.

त्याच्याही आधी सिअर्स रोबक कंपनीने खेड्यांतील शेतकऱ्यांकडे लक्ष दिले होते. दूरच्या वस्तीवर एकच दुकान, तेथे मनास येईल तो भाव, ही अडचण हेरून त्यांनी जाडजूड सूचिपुस्तक घरोघर पाठविले आणि टपालाने माल पोहोचता केला. १९१३ साली टपाल खात्याने पार्सलची सोय केल्यावर हा धंदा फारच फोफावला. खेड्यांतील दुकानदारांनी तेव्हा मोठी ओरड केली. आज घरपोच मालाविरुद्ध आपण जी ओरड करतो ती याहून फारशी निराळी नाही.

दुकान कोठे काढावे, याचेही गणित तेथे मांडले गेले. १९३१ साली विल्यम रायली यांनी एक नियम सांगितला, तो आम्हां शिक्षकांस फार आवडण्याजोगा आहे. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच बाजारपेठाही गिऱ्हाइकास ओढतात. पेठेची वस्ती जितकी मोठी तितकी ओढ अधिक, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती ओढ कमी होत जाते. उदाहरणार्थ, दोन पेठा एकमेकींपासून ३० किलोमीटरवर असून एकीची वस्ती दुसरीच्या चौपट असेल, तर दोहोंच्या ओढीची सीमा मध्यावर पडत नाही. ती लहान पेठेपासून १० व मोठीपासून २० किलोमीटरवर पडते. आता आपले वडनेर पाहा. पूर्वी क्रमांक ६ व आता क्रमांक ५३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, एका अंगास मलकापूर व दुसऱ्या अंगास नांदुरा अशा दोन पेठांच्या मधोमध ते वसले आहे. बैलगाडीच्या काळी अंतर हेच आमच्या दुकानाचे कुंपण होते. रस्ता गुळगुळीत झाला, दारोदार मोटारसायकल आली, आणि ते कुंपण कोणी न मोडताच मोडले. गिऱ्हाईक बेइमान झाले असे आपण म्हणतो. अंतर आखडले असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

१९६२ हे साल या इतिहासात विशेष गणले जाते. त्या एकाच वर्षी अमेरिकेत के-मार्ट, टार्गेट व वॉलमार्ट अशी तीन स्वस्त मालाची दुकाने निघाली. त्यांपैकी वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी अर्कान्सॉ राज्यातील रॉजर्स या लहानशा गावी आपले दुकान मांडले. ज्या गावांकडे मोठे व्यापारी ढुंकूनही पाहत नव्हते, तेथेच ते गेले. त्यांची पद्धत अशी की, मध्ये एक वखार व तिच्याभोवती एका दिवसाच्या वाहतुकीच्या टप्प्यात दुकाने; तो भाग भरला म्हणजे मग पुढची वखार. भाड्याचा खर्च वाचे, माल संपण्यापूर्वी नवा पोहोचे. १९७४ च्या जून महिन्यात ओहायो राज्यातील ट्रॉय गावी च्युइंगमच्या एका पाकिटावरील काळ्या रेघा यंत्राने प्रथम वाचल्या. या रेघांनी विक्रेत्याच्या चोपडीचे काम क्षणात होऊ लागले. कोणता जिन्नस, कोणत्या वेळी, कोणत्या दुसऱ्या जिनसाबरोबर गेला, हे सारे आपोआप नोंदले जाऊ लागले. १९८७ साली वॉलमार्टने आपली सारी दुकाने उपग्रहाच्या संदेशयंत्रणेने जोडली. उलट के-मार्टचे २००२ साली दिवाळे निघाले आणि ज्या सिअर्सने एकेकाळी खेडी जिंकली होती, तीही २०१८ साली त्याच वाटेने गेली. मोठे असणे म्हणजे टिकणे नव्हे, हा धडा येथे मिळतो.

महाराष्ट्रातील दोन वाटा

आता स्वदेशी परत येऊ. आपल्या महाराष्ट्रात मोठी दुकानदारी प्रथम नफ्यासाठी वाढली नाही, हे तरुण वाचकांस ठाऊक असावे. स्वदेशीच्या चळवळीत मुंबईस लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने स्वदेशी मालाचे सहकारी भांडार निघाले. १९४८ साली नायगावच्या कामगारांनी रेशनच्या टंचाईतून आपले सहकारी दुकान सुरू केले, तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपास आले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून एकत्र खरेदी व घरोघर वाटपाची पद्धत रुजविली. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने 'वारणा बाजार' उभा राहिला व त्याने खेडेगावांतून शाखा काढल्या. एकजुटीने घेतले की स्वस्त पडते, हे तत्त्व आपल्याकडे असे फार पूर्वी सिद्ध झाले आहे.

खाजगी क्षेत्रात दोन गृहस्थांनी दोन भिन्न वाटा धरल्या. योगायोग असा की, त्या जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या.

पहिले श्री. किशोर बियाणी. २००१ साली त्यांनी कलकत्ता, हैदराबाद, बंगलोर या शहरी 'बिग बझार' काढला. या गृहस्थांचे निरीक्षण मार्मिक होते. आपल्या माणसास शांत, चकचकीत दुकानात संकोच वाटतो. त्यास गर्दी हवी, धान्य हाताने चाळून पाहावयास हवे, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी आठवडी बाजाराचा गजबजाट मुद्दाम छपराखाली आणला, धान्याच्या राशी मांडल्या. बुधवारचा स्वस्त बाजार, २००६ पासून प्रजासत्ताक दिनाचा 'सर्वांत स्वस्त दिवस' अशा योजनांना लोकांची झुंबड उडाली. बाजाराचे मन त्यांनी अचूक वाचले. परंतु वाढ कर्जावर झाली आणि धंद्याच्या शाखाही नाना प्रकारच्या निघाल्या. २०२० साली साथीच्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली, देणी थांबली. रिलायन्सला व्यवसाय विकण्याचा २४,७१३ कोटी रुपयांचा करार जाहीर झाला. त्यास अ‍ॅमेझॉनने कज्जा करून अडविले व अखेर तो फिसकटला. अनेक दुकानांच्या जागा रिलायन्सच्या हाती गेल्या आणि २०२२ च्या जुलैमध्ये फ्यूचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली.

दुसरे श्री. राधाकिशन दमाणी. शेअरबाजारात पैसा मिळविलेल्या या गृहस्थांनी दुकानदारी शिकण्यासाठी प्रथम नेरूळ येथे 'अपना बाजार'ची एक शाखा चालविण्यास घेतली. सहकारी भांडाराच्या उंबरठ्यावर त्यांनी हे शिक्षण घेतले, आणि मग २००२ साली पवई येथे 'डी-मार्ट'चे पहिले दुकान उघडले. त्यांची रीत अशी. जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यावी, म्हणजे मालकाच्या लहरीवर व वाढत्या भाड्यावर धंदा अवलंबून राहत नाही. दुकाने प्रथम महाराष्ट्र-गुजरातेत, एकमेकांच्या जवळ काढावी. दुकानात झगमगाट नको. रोज लागणारा माल निवडक ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माल देणाऱ्याचे पैसे इतरांप्रमाणे न रखडविता थोड्याच दिवसांत चुकते करावे व त्याबद्दल भावात सूट घ्यावी. साखर-तेलाचा भाव गिऱ्हाइकास तोंडपाठ असतो. तेथे नफा अगदी थोडा ठेवावा. भांडी, कपडे, घरगुती वस्तू यांचा भाव कोणास पाठ नसतो. तेथे थोडा अधिक मिळवावा. ही वाढ इतकी सावकाश झाली की, आरंभीच्या वर्षांत लोकांस ती दिसलीही नाही. २०१७ साली कंपनीचे भाग बाजारात आले. २९९ रुपयांस विकलेला भाग पहिल्याच दिवशी ६०० रुपयांच्या वर गेला, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. मार्च २०२५ अखेर तिची दुकाने चारशेवर गेली होती.

घाईने वाढून बुडालेल्यांचे आणखी उदाहरण म्हणजे मद्रासची 'सुभिक्षा' कंपनी. १९९७ साली निघालेल्या या कंपनीने देशभर सुमारे सोळाशे दुकाने काढली, आणि २००९ साली नोकरांचे पगार व मालाचे पैसे देता न आल्याने ती सारीच बंद पडली. रिलायन्सने २००६ साली हैदराबादेत पहिले दुकान उघडून पुढे प्रचंड विस्तार केला. मार्च २०२४ पर्यंत तिची दुकाने अठरा हजारांवर गेली होती. परंतु तिच्यामागे तेल व रसायनांच्या धंद्याचे भांडवल होते, ते सुभिक्षेपाशी नव्हते. वॉलमार्टनेही आपल्या वऱ्हाडातील अमरावतीस घाऊक दुकान उघडले होते. त्याचे गिऱ्हाईक घरोघरचे लोक नसून आपल्यासारखे किराणा दुकानदार होते. १८७० साली वऱ्हाडच्या कोष्ट्याची मोजणी झाली होती. आता वऱ्हाडच्या वाण्याची झाली.

फिरत्या पैशाचे गणित

या सर्वांच्या मुळाशी एक साधे त्रैराशिक आहे. समजा, एका दुकानदाराने एक लाख रुपयांचा माल भरला, त्यावर शेकडा १५ नफा धरला आणि वर्षात तो माल चार वेळा फिरला. त्याची मिळकत ६० हजार. दुसऱ्याने तेवढाच माल भरून नफा शेकडा ८ च ठेवला, परंतु स्वस्ताईमुळे माल बारा वेळा फिरला. त्याची मिळकत ९६ हजार. म्हणजे ज्याने गिऱ्हाइकास स्वस्त दिले त्यानेच अधिक मिळविले. नफा भावात नसून फिरण्यात आहे. आणि कोणता माल फिरतो व कोणता बसतो हे लिहिल्यावाचून कळत नाही. मोठ्या कंपनीच्या यंत्रांचा, तज्ज्ञांचा व कचेऱ्यांचा सारा खटाटोप अखेर एवढ्याच एका प्रश्नासाठी असतो.

ज्याने हे न मोजता केवळ बाह्य रूप उचलले, त्याचे काय होते हेही आम्ही पाहिले आहे. जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या एका विद्यार्थ्याने कर्ज काढून असेच मार्ट मांडले. काच होती, दिवे होते, ढकलगाड्या होत्या. उद्घाटनास आम्ही गेलो होतो. दोन वर्षांत व्याज, वीज आणि भाडे यांनी नफा गिळला; मुदत उलटलेला माल पोत्यांनी फेकावा लागला. तो मुलगा वर्गात पाढ्यांत पहिला होता, याचे आम्हांस फार वाईट वाटते. पाढे आम्ही त्यास शिकविले. ते दुकानात कसे लावावयाचे ते शिकविले नाही.

महिनाभराची वही

असो. आता दिवाळीच्या प्रसंगाकडे वळू. पुतण्यास आम्ही एक कोरी वही दिली आणि अट घातली की, महिनाभर दुकानातून जाणारा प्रत्येक जिन्नस, रोख असो वा उधार, लिहावयाचा. गहाणखताचे नंतर पाहू. पहिले चार दिवस तो कंटाळला. "काका, दुकान आहे की शाळा?" असेही म्हणाला. पुढे त्यालाच गोडी लागली, आणि वहीची जागा त्याच्या खिशातील फोनने घेतली. सायंकाळी आम्ही दोघे बेरजा करीत बसू. बंधू पाहत असत.

महिनाअखेर जे दिसले त्याने तिघेही चकित झालो. फळीवर शेकड्यांनी जिन्नस. परंतु दुकानाचा संसार त्यांतील चाळीसेक जिनसांवर चालला होता. कित्येक डबे महिन्यात एकदाही हलले नव्हते, आणि त्यांत गुंतलेली रक्कम पुतण्या बँकेकडे मागणार होता त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी निघाली. उलट पहाटे मजुरीस जाणाऱ्या बायांस पाच-दहा रुपयांचे तेल, चहा व साखर लागते. दुकान उशिरा उघडत असल्याने ते गिऱ्हाईक परत जात होते. हे गिऱ्हाईक कोणतेही महाभांडार आमच्याकडून नेऊ शकत नाही. ते आम्हीच घालवीत होतो. उधारीचे पान उलटले तेव्हा बंधू प्रथमच बोलले, "बाबांना हे सारे तोंडपाठ होते रे. आपण ते लिहून घ्यायला पाहिजे होते."

जमीन गहाण पडली नाही. न हलणारा माल निकालात काढून आलेल्या पैशांत घाऊक व्यापाऱ्याची थकबाकी फेडली. रोखीची सूट सुरू झाली. दुकान आता पहाटे उघडते. आमचे दुकान यापुढे सुरक्षित झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. महामार्गावर मोठे दुकान उद्या निघेल, घरपोच माल खेड्यापर्यंत येईल, आणि पुतण्यास कदाचित दुसरा धंदा शोधावा लागेल. परंतु तो निर्णय तो डोळसपणे, आकडे समोर ठेवून घेईल, आणि दोन एकर जमीन पायाखाली असताना घेईल. आमच्या दृष्टीने एवढे पुष्कळ आहे.

ज्ञातीपुढील विनंती

शेवटी ज्ञातिबंधूंस व संघाच्या कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना अशी. पहिली, दुकान असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निदान एक महिना विक्रीची संपूर्ण नोंद ठेवावी. दुसरी, मलकापूर, नांदुरा, खामगाव या भागांतील आपल्या दुकानदारांनी ग्राहक पंचायतीच्या धर्तीवर निदान दहा मुख्य जिनसांची खरेदी एकत्र करून पाहावी. यात ज्ञातीबाहेरच्या दुकानदारांसही अगत्याने सामील करून घ्यावे. कारण बाजारात जात चालत नाही, वजन चालते. तिसरी, मापात पाप करणारे व मुदत उलटलेला माल खपविणारे आपल्यातही आहेत, हे मान्य करून तो डाग आपण पुसावा. गिऱ्हाईक मोठ्या दुकानाकडे केवळ स्वस्ताईसाठी जात नाही, छापील भावाच्या विश्वासानेही जाते. आणि चौथी सूचना घरातील मुलींविषयी आहे. गणितात त्या आपल्या मुलांहून उण्या नाहीत, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. दुकानाची वही त्यांच्या हाती द्यावी.

लक्ष्मीपूजनास आपण वहीची पूजा करतो, तिला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर श्री रेखाटतो. मोठ्या कंपन्यांची आमची जी ओळख झाली तीवरून इतकेच सांगावेसे वाटते की, त्यांनी वहीची पूजा केली नाही, ती लिहिली. आपण दोन्ही करू या. येत्या पाडव्यास प्रत्येक घरच्या वहीत श्रीच्या खाली दुसऱ्या ओळीपासून विक्रीची नोंद सुरू व्हावी, एवढीच इच्छा व्यक्त करून लेखणी खाली ठेवतो.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, वडनेर भोलजी